उकळून गार केलेलं पाणी

गाडीखाली वाकून बघणारा म्हातारा चोर नाही, हे इंग्रजीत पटवून देण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात एकदाच आली. डब्लिनच्या कडेला, ॲडम्सटाउनला, आमच्या वसाहतीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर हरवलेली मांजरं आणि चुकीच्या दारात पडलेली पार्सलं येतात. एका शनिवारी सकाळी त्यावर एक फोटो आला. तपकिरी स्वेटर, कानटोपी, हातात फडकं, आणि डोकं एका निळ्या गाडीखाली. खाली कोणीतरी विचारलं होतं, हे गृहस्थ कोण, आणि त्यांना बरं आहे ना? पलीकडच्या रांगेत एक मराठी कुटुंब राहतं, त्यांच्याकडे आलेले हे वडील. आणि निळी गाडी माझी होती.

मी घरातल्याच चपलांवर धावले. काका उठले नाहीत. जमिनीवरचा ओला ठिपका त्यांनी बोटाने टिपला, बोट नाकाशी नेलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तुझी व्हय ही?"

"हो. काय झालं?"

"काय न्हाई. एसीचं पाणी हाय. काचेवरची वाफ घालवायला लावला असशील. तेल असतं तर दार वाजवलं असतं."

मी खरंच एसी लावला होता. ग्रुपवर मी लिहिलं की हे निवृत्त बस मेकॅनिक आहेत, काळजी नसावी. दोन अंगठे आले आणि एक 'फेअर प्ले टू हिम' आलं, म्हणजे इथल्या भाषेत शाबास. त्या दिवसापासून अख्ख्या वसाहतीत ते 'युअर मॅन विथ द रॅग' झाले, म्हणजे तो फडकंवाला. त्यांना हे मी मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी फडक्याची घडी घातली आणि म्हणाले, "मग आता हे धुवाय पायजे."

कराडच्या बाजूचे. सगळी नोकरी एस.टी.च्या डेपोत, हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त. बायको गेल्यावर मुलाने बोलावून घेतलं, म्हणजे व्हिसा मिळेल तसे तीन महिने यायचे, परत जायचे. मुलगा आणि सून दोघं सॉफ्टवेअरमध्ये. नात मराठी सगळं समजायची आणि उत्तर मात्र 'आय नो, आजोबा' असं इथल्या हेलात द्यायची. दिवसभर घर रिकामं. टीव्हीचे तीन रिमोट आणि काका.

म्हणून ते दहा वाजता बाहेर पडत आणि उभ्या गाड्यांखालची जमीन वाचत हिंडत. काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला पिवळट तेलकट काही दिसलं तर ब्रेक ऑइल. तसं दिसलं की ते त्या घराची बेल वाजवत आणि मालक बाहेर येईपर्यंत गाडीपुढे उभे राहत, कोणी चालवत नेऊ नये म्हणून. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. इथल्या नंबरप्लेटवर गाडीचं साल असतं हे त्यांना फार पसंत पडलं होतं. "वय लपवायची सोय न्हाई," म्हणायचे. माझी गाडी शून्य नऊ सालची, सेकंडहँड घेतलेली, म्हणून मी 'नऊची पोरगी'. टोकाच्या घरात एक आयरिश बाई एकट्या राहतात, सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्या 'अकराच्या बाई'. त्यांच्या गाडीखालचं ऑइल काकांनी दाखवलं, तेव्हा त्या गाडीत जाऊन बसल्या आणि शेजारचं दार उघडलं, कारण त्यांना वाटलं म्हाताऱ्याला कुठेतरी सोडायचं आहे.

मुलाला हे बिलकुल आवडत नसे. तो वाईट माणूस नव्हे. पण इथे दहा वर्षं काढली की माणूस शेजाऱ्याच्या कुंपणाला हात लावतानाही आधी विचारायला लागतो, आणि याचे वडील थेट लोकांची बॉनेटं उघडत होते. एकदा माझ्यासमोरच त्याने सांगितलं, "बाबा, इथे इन्शुरन्स असतो, लायबिलिटी असते. एक जरी तक्रार आली ना, की बंद. सिरियसली सांगतोय. मग घरात बसायचं."

काका 'बरं' म्हणाले. मुलगा आत गेल्यावर मला म्हणाले, "हाताला काम नसलं की मला झोप येत न्हाई गं. मंडळी गेल्यापासनं तर आजिबात न्हाई." 

रविवार सकाळ हा त्यांचा खरा दिवस. आम्ही चारपाच जण गाड्या त्यांच्या हवाली करायचो. आम्ही बहुतेक पुण्यामुंबईचे, मोठमोठ्या डिग्र्यांचे, आणि बॉनेट कुठून उघडतं हे एकालाही माहीत नव्हतं. आमच्याकडे ते काम पेट्रोलपंपावरचा माणूस करायचा.

काकांची पद्धत ठरलेली. आधी जमीन. खिशातून लिंबू काढून ते चाकाशेजारी ठेवायचे. लिंबू गडगडलं की गाडी दुसरीकडे लावायला सांगायचे, कारण उतारावर बघितलेली पातळी खोटी. नागपूरच्या एका इंजिनिअरने लांबून हे पाहिलं, त्याला वाटलं काका दृष्ट काढतात. पुढच्या रविवारी तो आपली नवी गाडी घेऊन आला आणि सोबत मिरच्यासुद्धा आणल्या. काकांनी मिरच्या ठेवून घेतल्या. त्याच्या वायपरच्या टाकीत थेंब पाणी नाही हे त्याला दाखवून दिलं.

मग किल्ली. ती मालकाने गाडीतून काढून हातात धरून दाखवायची. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवायची, मफलर काढायचा, ओढणी असेल तर खोचायची. इंजिन बंद असलं तरी आतला पंखा केव्हाही आपणहून फिरू शकतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बॉनेटची दांडी लावली की ती तीनदा हलवून बघायची. आणि गाडी नुकतीच चालवून आणलेली असेल तर काहीच करायचं नाही. बसून राहायचं.

हे बसून राहणं अर्धा तास चालायचं. मी एकदा घाईत म्हटलं, "काका, झालं असेल की आता थंड." त्यांनी स्वेटरची डावी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी चुरगळलेली आणि गुळगुळीत होती. "रेडेटरचं झाकण. मी तवा तुझ्यापरीस घाईत होतो," म्हणाले, आणि बाही खाली केली. त्यानंतर मी थर्मासमध्ये चहाच घेऊन जायला लागले. नवरा दूर किलकेनीच्या हॉस्पिटलात नोकरीला, तो शनिवारी यायचा आणि रविवारी बारापर्यंत झोपायचा. त्यामुळे आठवड्यातलं माझं सगळ्यात निवांत बोलणं कोणाशी होत असेल तर ते काकांशी, गाडी थंड होण्याची वाट बघत. तेही फार बोलत नसत. कुठल्या घाटात कुठल्या गाडीचं काय गेलं, एवढंच.

मग गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढायचा, पुसायचा, परत घालायचा, परत काढायचा आणि आडवा धरून दोन खुणांमध्ये ऑइल कुठे आहे ते मालकाने स्वतः सांगायचं. काका सांगत नसत. "तुझी गाडी हाय, तू वाच."

मी लायसन्सची परीक्षा तिसऱ्या वेळी पास झाले ती या शिकवणीच्या जोरावर. इथे परीक्षक बॉनेट उघडायला लावून दोनचार प्रश्न विचारू शकतो. माझ्या परीक्षकाने ऑइल कसं बघाल असं विचारल्यावर मी खाली उतरले, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत टाकलं, अंगठी काढली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. त्याने विचारलं, ही मला कशाला? मी म्हटलं, कोणी गाडी सुरू करू नये म्हणून. तो म्हणाला, इथे आपण दोघंच आहोत. मी म्हटलं, म्हणूनच. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय होतं हे मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं त्यांच्या पहिल्या दोन खेपांचं. दोन्ही वेळा ते इथल्या, स्वेटर न निघणाऱ्या उन्हाळ्यात आले होते. तिसऱ्या वेळी ऑक्टोबरात आले, जानेवारीपर्यंत राहायला, आणि पहिल्याच रविवारी माझ्या कूलंटच्या टाकीशी थबकले. पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती.

"पाणी कुठंतरी जातंय," म्हणाले. त्यांनी बोट फिरवून एका नळीच्या सांध्याशी ओल दाखवली. "हितनं. नळी बदलून घे. तवर मी घालतो."

घरी जाऊन ते स्टीलचा तांब्या घेऊन आले. त्यात पाणी होतं. पण नळाचं नव्हे. इथल्या किटलीत पांढरा थर धरतो हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं, आणि तसलं पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून ते पाणी उकळून, गार करून, फडक्यातून गाळून आणत. झाकणावर घडी केलेलं फडकं ठेवून ते पाव फेरा फिरवत, थांबत, कान देत, मग उघडत. मग तांब्याची धार, अगदी वरच्या खुणेपर्यंत. डेपोत त्यांनी आयुष्यभर रेडिएटरमध्ये पाणीच घातलं होतं.

दर रविवारी पातळी उतरलेली असायची आणि दर रविवारी ते विचारायचे, "नळी बदललीस?" मी म्हणायचे, पुढच्या आठवड्यात नक्की. ते मान हलवायचे आणि तांब्या रिता करायचे. असं नऊ रविवार चाललं. वसाहतीतल्या आणखी काही गाड्यांतही त्यांनी असंच थोडंथोडं घातलं.

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना अजूनही कान गरम होतात. मी केमिस्ट्रीची एमएस्सी आहे. एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. कुठल्या द्रवात काय मिसळलं की तो किती अंशांवर गोठतो, हे मी रोज पगार घेऊन बघते. आणि नऊ रविवार मी हातात चहाचा कप धरून एका माणसाला माझ्या गाडीतलं थंडीत न गोठणारं कूलंट पाण्याने पातळ करताना बघितलं आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. काका घालतायत म्हटल्यावर ते बरोबरच असणार, एवढाच माझा विचार.

डिसेंबरच्या सुरुवातीला कडक गारठा पडला. एका सकाळी फोनवर उणे सहा दिसत होतं. मी काचेवरचा बर्फ खरवडला, गाडी सुरू केली आणि मोटरवेला लागले. टॅलाच्या फाट्याच्या जरा अलीकडे तापमानाचा काटा वर चढला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि बॉनेटला हात न लावता कठड्यापलीकडे जाऊन उभी राहिले. तेवढं शिक्षण अंगात भिनलं होतं.

गॅरेजवाल्याने दुपारी फोन केला. रेडिएटरमध्ये बर्फाचा लगदा झाला होता आणि तो एका बाजूने फुटला होता. इंजिन थोडक्यात वाचलं. "हूज बीन पुटिंग वॉटर इन धिस?" त्याने विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

काकांना मी सांगितलं की बॅटरी गेली. मुलाची अट मला माहीत होती. एक तक्रार आली की बंद. त्या म्हाताऱ्याकडे रविवारशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि ते माझ्या तोंडून जाणार असेल तर खोटं बोललेलं बरं, असं मी ठरवलं. यात माझी नळीसुद्धा झाकली जात होती, हे मी स्वतःलाही सांगितलं नाही.

गाडी शनिवारी परत आली. रविवारी काका आले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि नेहमीसारखं आत वाकले.  टाकीतलं नवं गुलाबी कूलंट, कोरा रेडिएटर, कोरी नळी. मग त्यांनी बॅटरीवरची धूळ बोटाने पुसली.

"बॅटरी जुनीच हाय की," म्हणाले.

मी सगळं सांगितलं. गॅरेजवाला काय म्हणाला ते, उणे सहा, बर्फाचा लगदा. ते फुटपाथच्या कडेवर बसले. समोरच्या हिरवळीवर दहा वाजले तरी पांढरं दंव तसंच होतं, आणि ते त्याच्याकडे बघत होते.

"गाडीतलं पाणी गोठतं," शेवटी म्हणाले. "हे ठाऊक नव्हतं मला. विचारायला पायजे होतं."

"काका, नळी मी बदलली नाही. चूक माझी आहे."

"नळीची तुझी. पाण्याची माझी." मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "सात गाड्या. तुझी सोडून. चल."

"कुठे?"

"डेपोत एक गाडी चुकली, की त्या हातानं केलेल्या सगळ्या गाड्या थांबवायच्या. रूटवर गेली असली तरी. चल, मला इंग्रजी येत न्हाई."

मी त्यांना सांगून पाहिलं. बाकीच्यांत थोडंच पाणी गेलंय, मी ग्रुपवर हळूच मेसेज टाकते, कूलंट तपासून घ्या म्हणून, तुमचं नाव कशाला? ते उठून चालायला लागले होते.

नागपूरच्या इंजिनिअरचं दार पहिलं. काका पायपुसण्यावर उभे राहिले, कानटोपी काढली आणि म्हणाले, "तुझ्या गाडीत मी पाणी घातलंय. ते हितं चालत न्हाई, गोठतं. हिची गाडी फुटली. चूक माझी हाय. आज गाडी काढू नको, उद्या तपासून घे." तो म्हणाला, "अरे काका, चलता है, टेन्शन नका घेऊ." काकांनी त्याच्याकडून वदवून घेतलं की गाडी काढणार नाही, तेव्हाच पायरी उतरले.

पुढच्या दारांवर तेच वाक्य ते मराठीत बोलायचे, एक शब्द न बदलता, आणि मी इंग्रजीत सांगायचे. एके ठिकाणी एक आयरिश गृहस्थ भडकला. आपली गाडी, लहान मुलं मागे बसतात, या माणसाला हात लावायला सांगितलं कोणी? त्याचं बरोबर होतं. काका मान खाली न घालता ऐकत राहिले. मला म्हणाले, "काय म्हणतोय ते नीट सांग, गाळू नको." मी गाळलं नाही. अकराच्या बाईंनी मात्र पूर्ण ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "अँड इज ही ऑल राइट, हिमसेल्फ?" मी म्हटलं, माहीत नाही.

मला खरंच माहीत नव्हतं. मी नुसती मागे चालत होते आणि प्रत्येक दाराला मला माझ्या बॅटरीची जास्त लाज वाटत होती.

सातवं घर त्यांचं स्वतःचं होतं. काकांकडे किल्ली होती, ती त्यांच्या स्वेटरच्या खिशातून लटकताना मला दिसत होती. त्यांनी बेल वाजवली.

मुलाने दार उघडलं. "बाबा, किल्ली विसरलात?"

"न्हाई." त्यांनी कानटोपी काढली. "तुझ्या गाडीत मी पाणी घातलंय. ते हितं चालत न्हाई, गोठतं. हिची गाडी फुटली. चूक माझी हाय. आज गाडी काढू नको, उद्या तपासून घे."

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मी म्हटलं होतं ना, बाबा."

"म्हटलं होतंस. सगळ्यांच्या घरी सांगून आलोय. आता न्हाई हात लावत." आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आय ॲम सो सॉरी," मुलगा मला म्हणाला. "जो काही खर्च झाला असेल..."

तेव्हा मी बोलले, आणि जरा मोठ्यानेच बोलले. "नऊ आठवडे ते मला नळी बदल म्हणून सांगत होते. मी बदलली नाही. मी केमिस्ट आहे आणि मला कळलं नाही. आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले. ते मला पकडून सहा घरी घेऊन गेले. तुम्हाला सॉरी म्हणायचं असेल तर मला नका म्हणू."

 भिंतीवरच्या हुकावरून त्याने गाडीची किल्ली घेतली आणि घरातल्या सपातांवरच दंवात उतरला. गाडीचं दार उघडून तो आत चाचपडत राहिला.

"कुठे असतो तो खटका?"

"गुडघ्यापाशी. डावीकडं," काका जागचे न हलता म्हणाले. "आता पुढं ये. बॉनेटच्या फटीत बोटं घाल. चाप लागंल, त्यो सरकव."

दोनदा निसटून तिसऱ्यांदा बॉनेट वर आलं. दांडी लावायला मुलाला तीन भोकं सापडली, त्यांतलं तिसरं बरोबर होतं. तो आत वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. काका चार पावलं लांब उभे होते, हात पाठीशी.

"बाबा, पातळीची खूण दिसत नाहीये मला."

"टाकीच्या अंगावर हाय. बघ नीट."

"बघतोय. नाही दिसत."

 मुलाने मान वर केली, वडिलांकडे पाहिलं, आणि बाजूला सरकून बॉनेटखाली त्यांना जागा करून दिली.